इस्लाह आणि पहिले पुस्तक

पावसाळ्यात वैनगंगा भरून आली, की भंडारा आणि आसपासच्या गावांत माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : कारध्याला पाणी किती आहे? कारधा हे भंडारा शहरासमोरचे, नदीपलीकडचे गाव. तिथल्या पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते. २४५.५० मीटर ही तिथली धोक्याची पातळी. पाणी चढू लागले, की जुना लहान पूल बंद होतो, खालच्या वस्तीतली माणसे गाठोडी बांधू लागतात. त्या वेळी 'काही होत नाही, उतरेल' असे सांगणारा शेजारी फार गोड वाटतो. पण संसार वाचतो तो कारध्याच्या आकड्यामुळे. तो आकडा कोणाची भीड धरत नाही आणि कोणाला घाबरवण्यासाठीही सांगितला जात नाही.

हे आम्हाला आठवायचे कारण साहित्यातलेच आहे. नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींच्या वह्या आमच्याकडे वाचायला येतात. कवितांच्या, कथांच्या, कधी एखाद्या कादंबरीच्याही. वही देणाऱ्याच्या डोळ्यांत एकच अपेक्षा असते : 'छान आहे' म्हणा आणि प्रस्तावनेच्या दोन ओळी लिहून द्या. आम्ही भिडेपोटी तसे केलेही आहे. मग पदरमोड करून पुस्तक निघते, प्रकाशन समारंभ होतो, पन्नास प्रती पाहुण्यांना वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. असे गठ्ठे आम्ही पाहिले आहेत. त्यांतल्या काही पुस्तकांत खरोखर चांगले दहा-वीस पानांचे लेखन होते. वेळीच कोणी खरे बोलले असते, तर त्या दहा पानांची शंभर झाली असती. ते कोणी बोलले नाही, त्यात आम्हीही आलो.

म्हणून या लेखात आम्ही जरा मागे वळून पाहणार आहोत. पहिल्या पुस्तकाच्या वाटेवर खरे बोलणारा माणूस भेटला तेव्हा काय झाले, आणि तो भेटला नाही तेव्हा काय झाले, याचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे.

मराठीत हा इतिहास गद्याच्या आरंभापासूनच सुरू होतो. चक्रधरस्वामींच्या सुरुवातीच्या अनुयायांमध्ये नीळभट्ट भांडारेकार हे नाव येते. भांडारेकार म्हणजे आपल्या भंडाऱ्याचे. ज्या पंथाशी आपल्या मातीचे नाते इतके जुने आहे, त्या महानुभाव पंथाने पुस्तक लिहिण्याची एक शिस्त घालून दिली. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहायला घेतले, तेव्हा ते एकटे बसून आठवेल ते लिहीत गेले नाहीत. ज्यांनी जी लीळा पाहिली त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले आणि जमवलेले सगळे नागदेवाचार्यांपुढे ठेवले. आचार्यांनी तपासावे, शंका काढावी आणि मग ते ग्रंथात यावे, अशी ती रीत होती. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ परखड वाचकाच्या हाताखालून गेलेला आहे.

याच पंथातील भास्करभट्ट बोरीकरांची हकीकत तर प्रत्येक नव्या लेखकाला सांगावी अशी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'शिशुपाळवध' रचले. हजारावर ओव्यांचे काव्य. ते त्यांनी आपल्या गुरुबंधूला दाखवले. महानुभाव परंपरा सांगते, की ग्रंथ उत्तम झाला हे गुरुबंधूने मान्य केले. पण तो शृंगाराने भरलेला आहे, संसारात रमणाऱ्यांच्या तो उपयोगाचा आहे, संसार सोडलेल्यांच्या नव्हे, असेही त्याने तोंडावर सांगितले. भास्करभट्ट रुसले नाहीत, भांडलेही नाहीत. त्यांनी निवृत्तांसाठी दुसरा ग्रंथ लिहिला, तो म्हणजे 'उद्धवगीता'.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. गुरुबंधूने ग्रंथ वाईट आहे असे म्हटले नाही. तो कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे सांगितले. म्हणजे त्याने कवीला पुढची वाट दाखवली. दुसरी गोष्ट अशी, की भास्करभट्टांनी पहिला ग्रंथ जाळला नाही. म्हणून आज सातशे वर्षांनीही 'शिशुपाळवध' विद्यापीठांत शिकवले जाते आणि रसिक त्याच्या शृंगारावरच लुब्ध होतात. खरा अभिप्राय त्या वेळी उपयोगी पडला, पण तो अखेरचा निवाडा ठरला नाही. ठरूही नये.

आपल्या दुसऱ्या वारशाकडे, म्हणजे उर्दूकडे वळले तर या गोष्टीला तिथे नावच आहे : इस्लाह. इस्लाह म्हणजे दुरुस्ती, सुधारणा. शागिर्दाने गझल लिहून उस्तादापुढे ठेवायची. उस्ताद एखादा शब्द खोडी, त्यावर दुसरा लिही, वजन चुकले असेल तर दाखवी, जो शेर पसंत पडेल त्यावर 'साद' या अक्षराची खूण करी. ही खूण मिळावी म्हणून शागिर्द महिने घालवत. पुढे टपालाची सोय झाली, तेव्हा इस्लाह पत्रांतून होऊ लागली. हैदराबादेत राहणाऱ्या दाग देहलवींकडे देशभरातून गझला येत आणि दुरुस्त होऊन परत जात. तरुण इक्बालही काही काळ त्यांचे असेच टपालातले शागिर्द होते. गालिबने आपले लाडके शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली पत्रे आज आपण गद्याचा नमुना म्हणून वाचतो. पण त्यांतला मोठा भाग इस्लाहचा आहे : हा शब्द इथे का चालत नाही, ही रचना का सदोष आहे, आधार काय. उस्ताद मुसलमान, शागिर्द हिंदू, आणि मध्ये फक्त शब्द.

पण उस्ताद होण्यापूर्वी गालिबलाही कोणीतरी खरे सांगावे लागले होते. विशीच्या आतबाहेर असताना तो बेदिलच्या वळणाने, फारसीने लगडलेले, कोडी घातल्यासारखे शेर लिहीत असे. त्याचे १८२१ सालचे एक हस्तलिखित पुढे भोपाळला सापडले. 'याद्गार-ए-गालिब' या १८९७ च्या चरित्रात हालींनी नोंदवले आहे, की मौलवी फज्ल-ए-हक खैराबादी यांच्यासारख्या जाणत्या मित्राच्या टोकण्यामुळे गालिबने आपली वाट बदलली आणि पूर्वीचे पुष्कळसे शेर गाळून टाकले. हे मौलवीसाहेब फारसी-अरबीचे मोठे पंडित होते. त्यांना ते शेर कळत नव्हते म्हणून ते टोकत नव्हते. त्यांना कळत होते, म्हणूनच टोकत होते. १८४१ साली दिल्लीत गालिबचा पहिला उर्दू दीवान छापला गेला, तेव्हा त्यात सुमारे अकराशे शेर होते. एवढेसे पुस्तक, पण त्यानेच गालिब घराघरात गेला. हेच फज्ल-ए-हक १८५७ च्या उठावानंतर अंदमानला पाठवले गेले आणि १८६१ साली तिथेच वारले.

इथेही भास्करभट्टांसारखाच शेवट आहे. भोपाळचे ते हस्तलिखित १९२१ साली छापले गेले आणि गाळलेल्या शेरांतही काही फार सुंदर शेर निघाले. म्हणजे मौलवीसाहेब चुकले होते काय? आम्हाला तसे वाटत नाही. पहिल्या पुस्तकाला वाचकापर्यंत पोहोचायचे असते. काय आधी द्यावे आणि काय मागे ठेवावे, हे लेखकाला स्वतःच्या लेखनाच्या प्रेमात दिसत नाही. ते जवळच्या, पण प्रेमाने आंधळ्या न झालेल्या माणसाला दिसते.

आता याची दुसरी बाजू पाहू. नकार म्हणजे अभिप्राय नव्हे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने जोतीराव फुल्यांच्या पहिल्या पुस्तकाची कहाणी वाचावी. पण त्याआधी त्यांच्या लहानपणची एक गोष्ट आठवावी लागेल. गोविंदरावांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून मुलाला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. तेव्हा शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी मुलाची बुद्धी पाहिली आणि बापाला स्पष्ट सांगितले, की याला पुन्हा शाळेत घाला. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका मुसलमान मुन्शीच्या खऱ्या बोलाने महाराष्ट्राचा केवढा लाभ झाला, याचा हिशेब कोणी मांडायचा?

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भोळ्या शेतकरी जोडप्याला जोशी कसा नाडतो, आणि शेवटी ते जोडपे शिकायचे ठरवते, असा त्याचा विषय. ते त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. पेशवाईतील दक्षिणेच्या पैशातील काही भाग कंपनी सरकारने मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळवला होता, आणि बक्षिसासाठी आलेले ग्रंथ ही कमिटी तपासत असे. नव्या लेखकाला पुस्तकापर्यंत पोहोचवणारी ती त्या काळची सरकारी वाट होती. नाटक नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे कोणाचे चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली. त्यांची पहिली पुस्तके छापून आली ती १८६९ साली. आणि 'तृतीय रत्न' प्रथम छापले गेले ते १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी.

त्या नाटकात उणिवा नव्हत्या असे नाही. विदूषक फार बोलतो, उपदेश पात्रांच्या डोक्यावरून वाहतो. कमिटीने हे सांगितले असते, तर ती इस्लाह झाली असती आणि मराठीला कदाचित एक अधिक बांधेसूद नाटक मिळाले असते. पण जिथे विषयच नको असतो, तिथे दोष दाखवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. हा फरक नव्या लेखकाला ओळखता आला पाहिजे. नकारासोबत कारण आले तर थांबून ऐकावे. कारण न येता नुसते दार लागले तर दुसरे दार ठोठवावे, लेखन मात्र थांबवू नये. फुले थांबले नाहीत.

विसाव्या शतकात हे दार मासिकांच्या हाती आले. मौजेच्या 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नव्या लेखकांशी पत्रांतून जे काम केले, त्याला आम्ही मराठीतली इस्लाहच म्हणू. कथा का फसली, कुठे सैल झाली, काय पुन्हा लिहून पाहावे, हे ते कळवीत. मौजेनेच १९६५ साली हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी काढली. दलवाईंच्या पुढच्या भूमिकांवर आपल्यात मतभेद आहेत, ते राहोत. पण कोकणातल्या मुसलमान घरातली माणसे मराठी कादंबरीत हाडामांसाची होऊन आली, आणि एका साक्षेपी प्रकाशनाच्या हातून आली, याची नोंद घ्यावीच लागेल.

'सत्यकथे'लाही मर्यादा होत्या. तिच्या पसंतीची चौकट अरुंद आहे असे वाटणाऱ्या तरुणांनी १९६९ साली तिचा जाहीर निषेध केला. त्यानंतर तीनच वर्षांत, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. ती प्रस्तावना आम्हाला या विषयात फार महत्त्वाची वाटते. तेंडुलकर नाणावलेले लेखक, ढसाळ पहिल्या पुस्तकाचे कवी. पण कवितांतले अनेक शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे तेंडुलकरांनी कबूल केले, कवीला ते विचारले, त्या वस्तीत त्याच्याबरोबर हिंडून आले. परखड वाचक म्हणजे चुका काढणारा एवढेच नव्हे. आपल्याला काय कळत नाही हे प्रांजळपणे सांगणारा, तोही परखडच. आणि बहिणाबाईंच्या गाण्यांच्या बाबतीत तर आचार्य अत्र्यांची निखळ दादच खरा अभिप्राय ठरली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईची गाणी लोकांपुढे ठेवायला सोपानदेव बिचकत होते. अत्र्यांनी ती ऐकली आणि त्यांचे मोल ओळखले, म्हणून १९५२ साली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षात, पुस्तक आले. चांगल्याला चांगले म्हणणे हाही खरेपणाच आहे, फक्त ते ऐकून-वाचून म्हटलेले असावे.

आता आपल्याबद्दल बोलू. शेख महंमद, शहामुनी, हुसेन अंबरखान यांच्यापासून मुसलमान मराठीत लिहीत आले आहेत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. व्यासपीठ मिळाले. पण व्यासपीठावर टाळ्या मिळतात, इस्लाह मिळत नाही.

मराठीत लिहू लागलेल्या मुसलमान मुलाला आजही दोन प्रकारचे वाचक हमखास भेटतात. एक म्हणतो, 'मुसलमान असून किती शुद्ध मराठी!' त्याने मजकूर वाचलेलाच नसतो, नाव वाचलेले असते. त्याला तलाक, बुरखा आणि दंगल एवढेच विषय हवे असतात. या मुलाने आपल्या गावच्या धानाच्या बांधीवर किंवा पहिल्या पगारावर कविता लिहिली, तर तो हिरमुसतो. दुसरा वाचक आपल्यातला असतो. तो म्हणतो, 'घरातले बाहेर कशाला सांगतोस?' त्यानेही मजकूर वाचलेला नसतो, त्याला फक्त बदनामीची भीती वाटलेली असते. या दोघांच्या मध्ये पोराची वही तशीच राहते. कथेच्या शेवटी नायक दोन पाने भाषण करतो, ते काढून टाक, हे त्याला कोणी सांगत नाही. तिसऱ्या पानावर आजीच्या खोकल्याचे जे वर्णन आहे, तिथे तुझी खरी कथा आहे, हेही कोणी सांगत नाही.

भाषेचा प्रश्न तर आमच्या भागात दुहेरी आहे. घरात उर्दूकडे झुकणारी बोली, अंगणाबाहेर झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. झाडीबोलीत 'डोळा' हा 'डोरा' होतो, 'ण'च्या जागी 'न' येतो. कादंबरीतला शेतमजूर असे बोलला आणि संपादकाने सगळे 'शुद्ध' करून टाकले, तर त्या माणसाचे तोंडच बंद होते. 'दस्तरखान' खोडून 'पंगत' केले, तर चूक दुरुस्त होत नाही, घर बदलते. पण लेखकानेही बोलीच्या आड लपू नये. निवेदनात काळ चुकला, एकच प्रसंग दोनदा आला, पात्राचे नाव मध्येच बदलले, तर ती बोली नव्हे, ती चूकच. कोणती ओळ बोलीची आणि कोणती निष्काळजीपणाची, हे ओळखणारा वाचक मिळणे हीच नव्या लेखकाची खरी गरज आहे.

वाटा अगदीच बंद आहेत असेही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे एकही पुस्तक आलेले नाही, त्याच्या हस्तलिखिताला तज्ज्ञांच्या वाचनानंतर प्रकाशनासाठी साहाय्य मिळते. पण तिथे पाठवण्यापूर्वी हस्तलिखित घरच्या घरी एकदा तरी तावूनसुलाखून निघाले पाहिजे. ते काम कोणतेही मंडळ करून देऊ शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून आम्ही स्वतःपुरता एक नियम घातला आहे. वही आली, की दोनदा वाचल्याशिवाय बोलायचे नाही. चांगल्या ओळीसमोर जुन्या उस्तादांप्रमाणे खूण करायची. जिथे अडलो तिथे का अडलो ते लिहायचे, नुसते 'जमले नाही' लिहायचे नाही. जे आम्हाला कळले नाही ते विचारायचे. लेखकाचा शब्द काढून आपला घालायचा नाही, सुचवायचा. आणि अखेर काय ठेवायचे ते त्याच्यावर सोडायचे, कारण गाळलेल्या शेरांतही सोने असू शकते हे भोपाळच्या त्या हस्तलिखिताने शिकवले आहे. हे सगळे करून झाल्याशिवाय प्रस्तावनेच्या दोन ओळी द्यायच्या नाहीत.

याने काही मंडळी दुखावतील, एखादी वही पुन्हा आमच्याकडे येणारही नाही. ते सोसू. पलंगाखाली आणखी एक गठ्ठा जाण्यापेक्षा ते बरे. कारध्याच्या पुलाजवळ पाणी मोजणारा माणूस नदी अडवू शकत नाही. तो फक्त वेळेवर खरा आकडा सांगतो, आणि नदीकाठच्या गावांना तेवढ्याने पुरते.